गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन चढत नाही, तेव्हा: दुहेरी ॲनिमियाचा रिपोर्ट कसा उलगडायचा

"सहा महिने गोळ्या खातेय, रक्त काही वाढत नाही." लॅबच्या काउंटरवर हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी कानावर पडतं. बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढई, सगळं करून झालेलं असतं. आणि तोवर त्या बाईला एकच उत्तर मिळालेलं असतं: तुम्ही गोळ्या नीट घेत नसणार. कधी कधी ते खरंही असतं. गोळीवर लगेच चहा पिणारे, मळमळ झाली की चार दिवसांत पाकीट फडताळात टाकणारे कमी नाहीत. पण उरलेल्यांमध्ये एक मोठा गट असा असतो की गोळ्या बरोबर घेतल्या जातात, निदानही चुकलेलं नसतं, फक्त ते अर्धं झालेलं असतं. रक्तात दोष दोन असतात आणि सापडलेला असतो एक.

आपल्याकडे हे वारंवार घडणारच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत ॲनिमिया आढळला. लोहाची कमतरता घरोघरी, शाकाहारामुळे बी-१२ ची बोंब, त्यात काही समाजांत बीटा थॅलेसेमियाचे वाहक आणि विदर्भ-खानदेशच्या आदिवासी पट्ट्यात सिकल सेल, हे दोन्ही हिमोग्लोबिनचे जन्मजात दोष. यांतल्या दोन गोष्टी एकाच माणसात भेटल्या तर नवल वाटायला नको.

मी रिपोर्ट वाचताना दुकानदारासारखा हिशेब करतो. कागदावरचा प्रत्येक आकडा निदानाच्या खात्यात जमा झाला पाहिजे. एक जरी आकडा शिल्लक राहिला, तरी मशीनला दोष देण्याआधी दुसरा आजार शोधायचा. पुढचं सगळं या एका सवयीभोवती आहे. नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेल्या डॉक्टरांसाठी, लॅबमधल्या मुलांसाठी आणि स्वतःचा रिपोर्ट हातात धरून बसलेल्या माणसासाठी हे लिहितोय. रुग्णाने यावरून घरच्या घरी गोळ्या सुरू-बंद करू नयेत, डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारावा, एवढंच.

आधी जुने रिपोर्ट काढा

नवीन तपासणी लिहिण्याआधी घरातली ती प्लॅस्टिकची पिशवी मागवा. बाळंतपणाचा, अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा, डेंग्यूच्या तापाचा, कुठलाही जुना सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, चालेल. त्यात हिमोग्लोबिन बघू नका, एमसीव्ही बघा, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार. तो ८० ते १०० फेम्टोलीटर असायला हवा. दहा वर्षांपूर्वी, हिमोग्लोबिन ११.५ असताना, अंगावरून जास्त जाण्याची तक्रारही नसताना एमसीव्ही ६६ असेल, तर तो दोष बहुधा जन्माचा आहे. उलट तेव्हा ८८ होता आणि आज ६६ आहे, तर हे नंतर आलंय. या एका तुलनेने कधी कधी महागडी तपासणी वाचते. तरी ती पिशवी मागणारे डॉक्टर फार थोडे.

त्याच वेळी आणखी तीन गोष्टी विचारून घ्या. गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलंय का? लोह, बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड सध्या चालू आहे का? आणि नात्यात कुणाला वारंवार रक्त द्यावं लागतं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर पुढचे बरेच आकडे रक्तदात्याचे असतील, रुग्णाचे नव्हेत.

सीबीसीतले चार आकडे एकत्र वाचा

हिमोग्लोबिन, तांबड्या पेशींची संख्या, एमसीव्ही आणि आरडीडब्ल्यू. शेवटचा आकडा पेशींच्या आकारात किती तफावत आहे ते सांगतो आणि साधारण १४.५ पर्यंत ठीक मानतात. आधी मशीनची एक झटपट परीक्षा घ्या: हिमोग्लोबिनची तिप्पट साधारण हिमॅटोक्रिटएवढी (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के, तो आकडा) यायला हवी. लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया असेल तर हिमॅटोक्रिट तिपटीच्या थोडा वर राहतो, ते चालतं. पण एमसीएचसी, म्हणजे पेशीतल्या हिमोग्लोबिनची दाटी, ३७-३८ च्या वर गेला असेल तर पेशी थंडीने गोळा झाल्यात का, नमुन्यातल्या पेशी फुटल्यात का, प्लाझ्मा दुधाळ आहे का, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता नमुन्यादाखल एक रिपोर्ट समोर ठेवतो. वय २६, लग्नाला वर्ष झालेलं. हिमोग्लोबिन ८.६, तांबड्या पेशी ४.९ दशलक्ष, एमसीव्ही ६२, आरडीडब्ल्यू १९. फेरिटिन ६. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा; तो ६ म्हणजे लोहाची कमतरता, यात वाद नाही. पण हिशेब पुरा झाला का? नुसत्या लोहाच्या कमतरतेने हिमोग्लोबिन ८.६ पर्यंत उतरलं असतं तर पेशींची संख्याही उतरली असती, चारच्या आसपास किंवा त्याखाली. कच्चा माल नाही म्हटल्यावर कारखाना मालही कमीच काढणार. इथे कारखाना जवळपास पाच दशलक्ष पेशी काढतोय, फक्त इवल्याशा. ४.९ हा आकडा लोहाच्या खात्यात बसत नाही. तो थॅलेसेमिया मायनरच्या, म्हणजे थॅलेसेमियाच्या वाहकाच्या, खात्यातला आहे.

उलट बाजूनेही बघा. नुसता थॅलेसेमिया मायनर असेल तर हिमोग्लोबिन सहसा १० च्या खाली फारसं जात नाही आणि आरडीडब्ल्यू बऱ्याचदा नॉर्मल किंवा जरासा वर असतो, कारण सगळ्याच पेशी सारख्या लहान असतात. इथलं ८.६ आणि १९, दोन्ही शिल्लक राहतात आणि ते लोहाच्या खात्यात जातात. थोडक्यात, दोन खाती उघडल्याशिवाय हा रिपोर्ट मिटत नाही.

एमसीव्हीला पेशींच्या संख्येने भागायचं आणि उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया, वर आलं तर लोह, हा मेंट्झर निर्देशांक सगळ्यांना पाठ असतो. वरच्या रिपोर्टात तो १२.७ येतो. म्हणजे थॅलेसेमिया म्हणून फाइल बंद? फेरिटिन ६ चं काय करायचं मग? हा निर्देशांक "हे की ते" असं विचारतो, आणि जिथे दोन्ही आहे तिथे तो कुठलीही एक बाजू दाखवून मोकळा होतो. संशय यायला तो चांगला, निकाल द्यायला नाही.

नॉर्मल एमसीव्हीचा चकवा

माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथेच निसटतात. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, बी-१२ किंवा फॉलिक कमी असेल तर मोठ्या. दोन्ही एकदम कमी असतील तर? सरासरी मधोमध येते. पायरीवर एक दहा वर्षांचं पोर आणि एक सहा फुटी माणूस उभे असतील तर त्यांची सरासरी उंची अगदी नॉर्मल निघेल. एमसीव्ही ८८ छापून येतो, शेजारी लाल खूण नसते आणि नजर पुढे सरकते.

म्हणून एमसीव्ही नॉर्मल आणि आरडीडब्ल्यू २४ अशी जोडी दिसली की थांबायचं आणि रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, प्रत्यक्ष डोळ्यांनी. मशीनने काढलेला आलेख पुरेसा नाही. अशा पट्टीवर एका बाजूला फिकट, मध्ये पोकळ, बांगडीसारख्या दिसणाऱ्या लहान पेशी आणि पेन्सिलसारख्या लांबट पेशी, तर शेजारीच भरगच्च, अंडाकृती मोठ्या पेशी. तांबड्या पेशींनी कितीही गोंधळ घातला तरी एक साक्षीदार सहसा फुटत नाही: न्यूट्रोफिल. त्याच्या केंद्रकाला साधारण तीन-चार पाकळ्या असतात. पाच पाकळ्यांचे ५ टक्क्यांहून जास्त दिसले, किंवा सहा पाकळ्यांचा एक जरी दिसला, तर बी-१२ किंवा फॉलिकची कमतरता धरून चाला, एमसीव्ही काहीही म्हणो. लॅबवाल्यांना माझी विनंती आहे की "डायमॉर्फिक पिक्चर" (दोन तऱ्हेच्या पेशी) एवढं लिहून थांबू नका. पाकळ्या मोजल्या का, तेही लिहा.

थॅलेसेमिया मायनरच्या माणसात बी-१२ घटलं तरी असंच होतं. नेहमीचा ६८ चा एमसीव्ही ८० पर्यंत चढतो आणि थॅलेसेमिया झाकला जातो. सिकलच्या रुग्णाला हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू असेल तर त्यानेही एमसीव्ही वाढतो.

फेरिटिन, आणि ते कधी खोटं बोलतं

फेरिटिन १५ च्या खाली असेल तर लोह संपलेलं आहे. दवाखान्यात बरेच जण ३० ची रेषा धरतात आणि ते योग्यच आहे. फेरिटिन कमी आणि तरीही लोह भरपूर, असं होत नाही. खालचा आकडा विश्वासाचा, भानगड वरच्या आकड्याची. ताप, संधिवात, क्षयरोग, लिव्हरचा आजार, नुकतंच झालेलं ऑपरेशन, यांत फेरिटिन आपसूक वाढतं. म्हणून सोबत सीआरपी ही दाहाची तपासणी करून घ्या. शरीरात दाह असेल तर ६०-७० फेरिटिनही लोहाची कमतरता लपवू शकतं. तिथे ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहणारं प्रथिन किती टक्के भरलंय, तो आकडा) मदतीला येतं आणि ते २० टक्क्यांखाली असेल तर लोह पुरत नाही असं समजायचं. नुसतं सीरम आयर्न मागवण्यात मात्र अर्थ नाही. ते सकाळ-संध्याकाळ बदलतं आणि कालच्या गोळीनेही वर जातं.

बी-१२ ची कमतरता फेरिटिनला आणखी एका वाटेने फसवते. एक उदाहरण घ्या. वय ५८, पक्के शाकाहारी, मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन, पायाला मुंग्या. हिमोग्लोबिन ७.२, एमसीव्ही ८८, आरडीडब्ल्यू २६, बी-१२ फक्त ११०, फेरिटिन ६२. लोह ठीक आहे असं वाटतं ना? बी-१२ नसताना हाडांतल्या मज्जेत, जिथे रक्त बनतं, पेशी अर्ध्या वाटेवरच फुटतात, त्यांतलं लोह वापरलं जात नाही आणि साठ्यात पडून राहतं. इंजेक्शनं सुरू झाली की अडून बसलेला कारखाना एकदम धावायला लागतो आणि असेल नसेल ते लोह ओढून घेतो. सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन ९.६ वर अडकलेलं, एमसीव्ही ७६ आणि फेरिटिन ८. इंजेक्शन लागू पडलं नाही असं इथे म्हणायचं नाही. पहिला आजार बरा होताना दुसरा उघडा पडला, एवढंच झालं. सुरुवातीचा २६ चा आरडीडब्ल्यू हेच सांगत होता.

आता लोह गेलं कुठे, हा प्रश्न. अठ्ठावन वर्षांच्या पुरुषाला पाळी नसते, तेव्हा रक्त आतड्यातून किंवा जठरातून जात असणार असं धरून दुर्बिणीची तपासणी करायलाच हवी. मूळव्याध आहे म्हणून सोडून देऊ नका. दोन्ही कमतरतांचं मूळ एकच असण्याचीही शक्यता असते: जठराचं अस्तर सुकलं असेल तर आम्लही कमी होतं आणि बी-१२ शोषायला लागणारा घटकही, त्यामुळे लोह आणि बी-१२ दोन्ही अडतात.

जाता जाता मधुमेहींसाठी: लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) खोटाच वाढलेला दिसू शकतो, आणि पेशी लवकर फुटत असतील तर खोटाच कमी. ॲनिमिया असताना त्यावरून इन्सुलिन वाढवायची घाई नको.

रेटिक: स्वस्त, आणि कुणी न लिहिणारी तपासणी

रेटिक म्हणजे मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या पेशी. पेशी फुटतायत की बनतच नाहीत, हे इथे कळतं. बी-१२ खूप कमी असेल तर एलडीएच (फुटलेल्या पेशींतून सांडणारं एन्झाइम) प्रचंड वाढतो, डोळे जरा पिवळसर दिसतात, बिलिरुबिन वाढतं आणि सगळ्यांना वाटतं पेशी फुटतायत. फुटतायत खऱ्या, पण मज्जेच्या आतच. तेव्हा रेटिक कमी असतो. बाहेर रक्तात फुटत असत्या तर रेटिक वाढला असता. टक्केवारी जशीच्या तशी वाचू नका, ती रुग्णाच्या हिमॅटोक्रिटने गुणून नॉर्मल हिमॅटोक्रिटने, म्हणजे ४५ ने, भागा. हिमॅटोक्रिट २० असताना ४ टक्के रेटिक म्हणजे खरं तर पावणेदोन-दोनच.

एचपीएलसी: कधी, आणि फॉर्मवर काय लिहायचं

एचपीएलसी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजते. बीटा थॅलेसेमिया मायनर ओळखायचा तो त्यातल्या हिमोग्लोबिन ए२ या प्रकारावरून. साडेतीन टक्क्यांच्या वर गेला की वाहक धरतात, बहुतेकांत तो ४ ते ६ मध्ये असतो. पण लोहाच्या तीव्र कमतरतेत ए२ खाली येतो. वरच्या रिपोर्टातल्या २६ वर्षांच्या मुलीचा पहिला ए२ समजा ३.६ आला. काठावरचा. तीन महिने लोह नीट दिल्यावर हिमोग्लोबिन १०.८, पेशी ५.६ दशलक्ष, एमसीव्ही ६४, फेरिटिन ४५, आणि ए२ ५.१. पडदा बाजूला झाला. साठा भरला, हिमोग्लोबिन दोनाने वाढलं, पेशी मात्र लहानच राहिल्या. याहून जास्त लोह देऊन एमसीव्ही ८० होणार नाही, तो हट्ट सोडायचा.

म्हणजे ए२ "नॉर्मल" आला आणि फेरिटिन कमी असेल, तर थॅलेसेमिया नाही असं लिहून देऊ नका. लोह भरून पुन्हा तपासा. बी-१२ कमी असेल तर ए२ किंचित वरही जातो, तेव्हा काठावरचा आकडा दोन्ही बाजूंनी फसवा. लोह भरलं, ए२ नॉर्मल आणि एमसीव्ही तरीही ७० च्या आसपास, तर अल्फा थॅलेसेमियाचा विचार करावा लागतो. तो एचपीएलसीत दिसत नाही, त्याला डीएनए तपासणी लागते. ए२ च्या जागी २५-३० टक्के दिसले तर तो ए२ नाहीच, तिथे हिमोग्लोबिन ई हा जन्मजात बदललेला प्रकार येऊन बसलाय. ईशान्य भारतातून किंवा बंगालमधून आलेल्या कुटुंबांत हे लक्षात ठेवा.

फॉर्मवर शेवटचं रक्त कधी चढवलं त्याची तारीख, चालू गोळ्या आणि सीबीसीचे आकडे लिहून पाठवा. रक्त चढवलं असेल तर तीन-चार महिने थांबा, पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं असतं. थांबता येत नसेल तर आईवडिलांची तपासणी करा. त्यांचं रक्त तर बदललेलं नाही!

"थॅलेसेमिया मायनर आहे, लोह मुळीच देऊ नका" असा एक सल्ला गावोगावी फिरतो. तो अर्धा खरा. मायनर आहे म्हणून आयुष्यभर लोह द्यायचं नाही, हे बरोबर. पण फेरिटिन ६ असेल तर मायनरच्या माणसालाही लोह लागतंच. सल्ला फेरिटिन बघून द्यावा, आजाराचं नाव ऐकून नव्हे.

सिकल असलेल्या भागात

नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूरकडे काम करणाऱ्यांना हे रोजचं आहे. सॉल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे एवढंच कळलं की सिकल हिमोग्लोबिन आहे. वाहक की रुग्ण, ते कळत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात ती निरुपयोगी आणि हिमोग्लोबिन फार कमी असेल तर खोटी निगेटिव्हही येते. पुढे एचपीएलसी लागतेच. २०२३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहिमेत माणसांच्या हाती कार्डं पडतायत, पण कार्डावर एक शब्द असतो आणि माणसात दोन दोष असू शकतात.

नुसत्या वाहकात एस (सिकल हिमोग्लोबिन) साधारण ३५ ते ४० टक्के असतं आणि ए (नेहमीचं हिमोग्लोबिन) त्याहून जास्त. एस ३० च्या खाली असेल तर सोबत अल्फा थॅलेसेमिया किंवा लोहाची कमतरता शोधा. एस हे ए पेक्षा जास्त, एमसीव्ही कमी, ए२ वाढलेला आणि रक्त चढवलेलं नाही, तर तो वाहक नव्हे, सिकल-बीटा थॅलेसेमियाचा रुग्ण आहे. वाहक म्हणून कार्ड देऊन त्याला घरी पाठवणं महागात पडेल. आईच्या रिपोर्टात एस आणि वडिलांच्या रिपोर्टात वाढलेला ए२ दिसला की गणित सुटतं. सिकलच्या नमुन्यात मशीन ए२ थोडा फुगवून दाखवतं, तेव्हा वाहकाचा ए२ ३.८ आला म्हणून लगेच थॅलेसेमियाचा शिक्का मारू नका.

सिकलच्या मुलाचं हिमोग्लोबिन एकाएकी कोसळलं तर रेटिक बघा. रेटिक शून्याजवळ असेल तर बहुधा पार्व्हो विषाणूने कारखाना बंद पाडलाय. रेटिक वाढलेला आणि पानथरी मोठी झालेली, तर रक्त पानथरीत अडकलंय. दोन्हीत तातडीने मोठं रुग्णालय गाठायचं.

उपचार हीच पुढची तपासणी

लोह सुरू केल्यावर आठवडा-दहा दिवसांत रेटिक वाढतो आणि महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दोनाने चढायला हवं. नाही चढलं तर आधी गोळीचं विचारा, शौच काळसर होते का, एवढ्या एका प्रश्नाने बरंच कळतं. मळमळत असेल तर एक दिवसाआड घ्यायला सांगा, शोषण त्यानेही चांगलं होतं. मग रक्त कुठून जातंय ते बघा आणि त्यानंतर दुसरा दोष शोधा. बी-१२ चा संशय असताना नुसतं फॉलिक ॲसिड मात्र देऊ नका. रक्त सुधारलेलं दिसेल आणि मज्जातंतूंचं नुकसान गुपचूप चालू राहील. सरकारी लाल गोळीत लोहासोबत फॉलिक असतंच, तेव्हा "मी फॉलिक दिलंच नाही" असं म्हणताना जपून.

साठीपुढच्या माणसात किडनीचा आजार, जुना दाह आणि लोहाची गळती असं तिन्ही असू शकतं. क्रिएटिनिन आणि थायरॉइड करूनच टाका. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेटही कमी असतील, किंवा सगळं भरून दिल्यावरही एमसीव्ही १०० च्या वर राहत असेल, तर मज्जेच्या तपासणीसाठी रक्तविकारतज्ज्ञांकडे पाठवा.

गरोदर असेल तर थांबायचं नाही

वर मी म्हटलं की लोह भरून तीन महिन्यांनी ए२ पुन्हा बघा. गरोदर बाईला हा नियम लावू नका. एमसीव्ही ६२, पेशी पाच दशलक्ष आणि ए२ ३.६ अशी मुलगी सातव्या आठवड्यात आली, तर त्याच आठवड्यात नवऱ्याचा सीबीसी आणि एचपीएलसी करून घ्या. तो वाहक नसेल तर बाळाला थॅलेसेमिया मेजरची, म्हणजे आयुष्यभर रक्त चढवावं लागणाऱ्या आजाराची, धास्ती राहत नाही आणि तिचा ए२ सावकाश तपासता येतो. त्याच्यात सिकल निघालं, तर मात्र तेही तितकंच गंभीर. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला मेजर होण्याची शक्यता २५ टक्के, आणि वारेच्या तुकड्यावरून होणारी गर्भाची तपासणी अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमाराला करतात. त्याआधी दोघांचा दोष कुठल्या जनुकबदलामुळे आहे ते शोधावं लागतं आणि त्यात दिवस जातात. परळला केईएमच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेत या क्षेत्रात अनेक वर्षं काम चालू आहे.

नवरे बऱ्याचदा म्हणतात, "मला काय झालंय? मी ठणठणीत आहे." खरंच असतात. वाहक ठणठणीतच असतो. तेव्हा वाद न घालता बायकोचं रक्त घेतानाच शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या त्याचीही बाही वर करायला सांगायची.